काळोख्या चित्रातले रंग कसे शोधायचे: व्हॅन गॉगचं ‘बायबल’ पाहण्याची रीत

सदाशिव पेठेतल्या एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमतो आणि दीड तास एकच चित्र पाहतो. ‘सूर्यफुलं’ लावली त्या संध्याकाळी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. त्याच डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं १८८५ सालचं बायबलचं स्थिरचित्र लावलं, तेव्हा मात्र पाच मिनिटांत सगळे चहाकडे वळले. ‘किती काळं आहे हे!’ ‘वडील गेले होते ना त्याचे, म्हणून असेल.’ ‘अजून हात बसला नव्हता.’ बोलणं झालं, चहा झाला, चित्र तसंच राहिलं.

पुढे हे चित्र आम्ही आणखी चार वेळा घेतलं. दर वेळी चूक एकच व्हायची, ती क्रमाची. आधी चित्रकाराची गोष्ट, मग तिच्यावरून अर्थ, आणि वेळ उरलाच तर रंग. खालची रीत नेमकी उलट्या क्रमाने जाते. दीड तास हाताशी ठेवा. एकट्याने पाहिलं तरी चालेल, दोघं असलात तर उत्तम.

चित्राची ओळख एवढीच पुरे: कॅनव्हासवर तैलरंग, ६५.७ × ७८.५ सेंटिमीटर, ऑक्टोबर १८८५मध्ये नेदरलंड्समधल्या न्यूनेन गावी काढलेलं, सध्या ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात. मोठं उघडं बायबल, विझलेल्या मेणबत्तीचं शमादान, आणि पुढ्यात एक छोटं पिवळं पुस्तक. बाकीचं आत्ता वाचू नका.

तयारी: काय काय लागेल

लॅपटॉप किंवा मोठा टॅब, पेन्सिल, दोन कोरे कागद, चिकटपट्टी, मोजपट्टी आणि जुन्या वहीच्या मागचा राखाडी पुठ्ठा. पुठ्ठ्याला दोन इंचांच्या अंतरावर दोन भोकं पाडा, प्रत्येक साधारण वाटाण्याएवढं. हा पुठ्ठा पुढे सगळ्यात जास्त कामाला येणार आहे, तो वगळू नका.

चित्र संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उघडा. तिथे ते मोठं करून पाहता येतं. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत घेऊ नका, कारण प्रतिमा दाबून लहान करताना पहिला बळी गडद भागांतल्या बारीक फरकांचा जातो. इथे तर सगळा जीव त्याच फरकांत आहे.

छापून घ्यायचं असेल तर आधी तळहाताएवढा नमुना काढून पाहा. मी एकदा थेट मोठी प्रत काढून घेतली. आली ती काळी पाटी. मागचा भाग, बायबलची कातडी बांधणी, टेबलाची कड, सगळं एकजीव झालं होतं. साध्या कागदावर शाई मुरते आणि काळं बुजतं. फोटोच्या कागदावर काढा, नाहीतर पडद्यावरच पाहा.

टप्पा १: पडदा आणि खोली

१. रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’सारखी सोय बंद करा.

२. उजेड आपोआप कमी-जास्त होणं बंद करा. रंग भडक दाखवणारी ‘व्हिव्हिड’ सेटिंग असेल तर साधी ठेवा.

३. पडद्यावर पांढरं पान उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झळकत असेल तर उजेड कमी करा. दोन्ही पांढरे साधारण सारखे दिसले की थांबा.

४. पाठीमागची खिडकी आणि ट्यूबलाइट बंद करा. दिवा पडद्याच्या मागे किंवा बाजूला हवा, तुमच्या पाठीशी नको.

तपासा: चित्र लावल्यावर काळ्या भागात स्वतःचा चेहरा किंवा पांढरा शर्ट दिसतोय का? दिसत असेल तर तुम्ही चित्राऐवजी आरसा पाहताय. पडदा थोडा कलता करा, जमल्यास गडद कपडे घाला.

सावधान: ‘काही दिसत नाही’ म्हणून फोनमधलं ‘ऑटो एन्हान्स’ दाबू नका. त्याने काळ्याचा करडा होतो, पिवळा ओरडायला लागतो आणि चित्रकाराने ठरवून राखलेलं अंतर मोडतं. उजेड चित्रात वाढवायचा नाही, आपले डोळे तयार करायचे.

टप्पा २: खरा आकार भिंतीवर

मोजपट्टीने ६५.७ × ७८.५ सेंटिमीटरचा आडवा चौकोन भिंतीवर चिकटपट्टीने आखा. पंधरा इंची लॅपटॉपवर अख्खं चित्र फार तर २३ सेंटिमीटर रुंद दिसतं, म्हणजे मूळच्या एक तृतीयांशाहूनही कमी. भिंतीवरच्या चौकोनापासून दोन मीटरवर उभं राहून पाहा. मग लॅपटॉपसमोर दोन फुटांवर बसा. दोन्हीकडे चित्र डोळ्यांत साधारण तेवढीच जागा घेतं.

टप्पा ३: डोळे निवू द्या

लक्ष्मी रोडवरच्या उन्हातून घरात शिरलात तर पहिली काही मिनिटं माजघर काळंच दिसतं. नंतर हळूहळू देवळी दिसते, फडताळाची कडी दिसते. अंधाराची पुरती सवय व्हायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. आपल्याला पूर्ण अंधार नको, मंद खोली हवी, त्यामुळे दहा मिनिटं पुरेत. या दहा मिनिटांत फोन बघायचा नाही. एकदा जरी उजळ पडद्याकडे पाहिलं तरी केलेलं पाण्यात जातं.

टप्पा ४: पाच मिनिटं गप्प

चित्र लावा. बोलू नका, लिहू नका, मोठं करून पाहू नका. पाच मिनिटं फार वाटतात. दुसऱ्या मिनिटाला ‘पाहून झालं’ असं वाटेल, तिथे उठू नका.

पाच मिनिटं झाली की चित्र झाका आणि कागदावर तीनच ओळी लिहा: नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे सरकली, परत परत कुठे आली. ‘उदास’, ‘गूढ’, ‘गंभीर’ असले शब्द नकोत. जागा लिहा: ‘उजवं पान’, ‘पिवळं पुस्तक’, ‘मेणबत्तीचं टोक’.

तपासा: तीन ओळींत एकही भावनेचा शब्द नसेल तरच पुढे जा. असेल तर खोडा आणि जागा लिहा.

टप्पा ५: डोळे बारीक करून तीन गट

आता डोळे अर्धे मिटा, पापण्यांच्या फटीतून पाहिल्यासारखे. बारीकसारीक पुसलं जाईल आणि उजेडाचे मोठे ढीग उरतील. एलिमेंटरी-इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना ही सवय ठाऊक असेल. तिथे आपण भोपळा आणि तांब्या असेच डोळे बारीक करून पाहायचो.

काडेपेटीएवढा चौकोन काढा. त्यात फक्त तीन छटा भरा: गडद, मधली, उजळ. वस्तू काढायच्या नाहीत. बायबलची पानं उजळ गटात जातील, मागचा भाग गडद गटात. मधल्या गटात काय काय जातं ते तुमचं तुम्ही ठरवा.

इथे एक नेहमीची चूक होते. लोक पिवळ्या पुस्तकाला सगळ्यात उजळ मानतात, कारण ते सगळ्यात *ठसठशीत* आहे. उजळपणा आणि रंगाची धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंका आली तर चित्राची एक प्रत कृष्णधवल करून शेजारी ठेवा. फरक लगेच कळतो आणि पुढच्या टप्प्याला तो लागतो.

टप्पा ६: काळ्यातले रंग

हा टप्पा सगळ्यात मोठा. अर्धा तास इथेच द्या.

सुरुवात चित्रापासून नको, घरापासून करा. दिवसा खिडकीपाशी घरातल्या पाच-सहा काळ्या वस्तू एका ओळीत मांडून ठेवा: बिडाचा तवा, छत्री, आजीची चंद्रकळा, मंगळसूत्राची पोत, मूठभर अख्खे उडीद, काळे तीळ. एकेकट्या पाहिल्या तर सगळ्या काळ्याच. शेजारी शेजारी ठेवल्या की तवा निळसर राखाडी होतो, जुनी छत्री तपकिरीकडे झुकते, उडदाला किंचित हिरवट छटा येते आणि चंद्रकळेचा काळा सगळ्यांना गिळून बसतो. आमच्या बैठकीतल्या एक काकू, सत्तरीच्या, उडदाची वाटी हातात धरून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘इतकी वर्षं निवडले, पण रंग आज पाहिला.’ त्या दिवशी त्यांना चित्रातला मागचा काळा आणि बांधणीचा काळा हे दोन वेगळे रंग आहेत हे सर्वांच्या आधी दिसलं.

आता पुठ्ठा घ्या. पडद्यावर असा धरा की एक भोक चित्राच्या मागच्या काळ्यावर येईल आणि दुसरं बायबलच्या बांधणीवर. आजूबाजूचं झाकलं गेलं की डोळा वस्तूचं नाव विसरतो आणि नुसता रंग पाहतो. एकात ऊब जास्त आहे का? एक निळ्याकडे जातोय का? लिहून ठेवा. मग पुठ्ठा सरकवत जा: मागचा वरचा कोपरा आणि खालची सावली, टेबलाचा पुढचा भाग आणि पुस्तकाखालचा अंधार.

नंतर पानं घ्या. एक भोक बायबलच्या पानावर ठेवा, दुसऱ्या भोकामागे कोरा कागद सरकवा. पान पांढरं आहे ही समजूत तिथेच संपते. ते राखाडी आहे, कुठे पिवळट, कुठे मातकट. भोवती काळं आहे म्हणून ते पांढरं वाटतं. जुन्या पोथीचं पान समईच्या उजेडात जसं दिसतं, तसं.

आणि आता, रंग स्वतः शोधल्यावर, चित्रकाराने याच चित्राबद्दल भावाला काय लिहिलं ते वाचायला हरकत नाही. थिओने पत्रात माने या चित्रकाराच्या एका अभ्यासचित्राचं वर्णन केलं होतं, त्याला उत्तर म्हणून व्हिन्सेंटने हे चित्र पाठवलं. पत्रातलं त्याचं वर्णन थोडक्यात असं: उघडं, म्हणून शुभ्रपणा मोडलेल्या पांढऱ्या रंगाचं, कातडी बांधणीचं बायबल, मागे काळा, पुढे पिवळसर तपकिरी, आणि जोडीला लिंबासारख्या पिवळ्याचा एक सूर. शिवाय हे एका दिवसात, एका बैठकीत काढलं असंही तो लिहितो. वर्णन सगळं रंगांचं आहे. वडिलांचा किंवा मेणबत्तीच्या अर्थाचा शब्द त्यात नाही. रंगाकडे आधी बघा, हा माझा हट्ट त्या पत्रामुळे पक्का झाला.

याच महिन्यात तो ॲमस्टरडॅमला जाऊन रेम्ब्रांट आणि फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची चित्रं पाहून आला होता. हाल्सकडे निदान सत्तावीस काळे असावेत असं त्याने लिहिलं आहे. तेव्हा ‘अजून रंग वापरायला शिकला नव्हता’ हे वाक्य या चित्रासमोर टिकत नाही. त्याच वर्षीच्या ‘बटाटे खाणारे’ या चित्राबद्दलही त्याने सांगितलंय की त्यातला पांढरा बहुतेक पांढऱ्या रंगाने नाही, तर तांबडा, निळा, पिवळा एकमेकांत मिसळून होणाऱ्या गडद राखाडीने केलाय: हिंगुळासारखा व्हर्मिलियन, पॅरिस ब्लू आणि नेपल्स यलो. काळोखातला पांढराही त्याने रंगांतूनच घडवला.

सावधान: छटेवरून फार ठाम निष्कर्ष काढू नका. जवसाचं तेल आणि वरचं व्हार्निश काळाने पिवळं पडतं, आणि फोटो काढणाऱ्यागणिक रंग बदलतो. ‘हा काळा हिरवट आहे’ यापेक्षा ‘हा काळा *शेजारच्याहून* हिरवट आहे’ हे वाक्य जास्त भरवशाचं.

टप्पा ७: हात कसा फिरला

आता चित्र मोठं करा, पण एका वेळी एकाच जागी. बायबलच्या मजकुरापाशी जा. वरचं शीर्षक सोडलं तर अक्षरं वाचता येत नाहीत, रुंद कुंचल्याचे फटकारेच मजकुराचं काम करतात. मग पुन्हा लहान करा: फटकाऱ्यांची ओळ झाली. हे जाणं-येणं पाच-सहा वेळा करा. पिवळ्या पुस्तकाचे हाताळून मऊ पडलेले कोपरे पाहा. मोठं पुस्तक जपून ठेवलेलं, छोटं वाचून वाचून झिजलेलं, हे कुणी न सांगता कळतं.

कडाही तपासा. काळ्यात विरघळणारी कड कोणती आणि चाकूने कापल्यासारखी कड कोणती? दोन-दोन शोधा आणि पुढे जा.

तपासा: इथवर येईपर्यंत ‘म्हणजे काय’ हा प्रश्न कुणी विचारला असेल तर त्याला थांबवा. पुढच्या टप्प्यात त्याचीच पाळी आहे.

टप्पा ८: आता गोष्ट

बायबल व्हिन्सेंटच्या वडिलांचं होतं. ते प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते आणि २६ मार्च १८८५ रोजी वारले, म्हणजे चित्राच्या सात महिने आधी. पान उघडं आहे ते बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या ५३व्या अध्यायाचं. लोकांनी तुच्छ लेखलेल्या, इतरांची दुःखं स्वतःवर घेणाऱ्या सेवकाचा तो अध्याय. मराठी बायबल मिळवून वाचा, छोटासाच आहे. पिवळं पुस्तक म्हणजे एमिल झोलाची १८८४ची कादंबरी. तिच्या नावाचा अर्थ ‘जगण्याचा आनंद’.

इथे बहुतेक जण झटकन समीकरण मांडतात: मोठं पुस्तक म्हणजे वडिलांचा धर्म, छोटं म्हणजे मुलाचं आधुनिक जग, विझलेली मेणबत्ती म्हणजे मृत्यू, आणि चित्र म्हणजे बापलेकांचं भांडण. भांडणं होती हे खरं. पण कादंबरीच्या नावावर जाऊ नका. तिच्यातली पोलीन आपला पैसा, आपली माया सगळं दुसऱ्यांसाठी देऊन बसते. इतरांचं ओझं वाहणारं माणूस यशयातही आहे आणि झोलातही. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर, एकाच उजेडात आहेत. मला ती एकमेकांविरुद्ध उभी वाटत नाहीत. तुम्हाला वाटली तर खुशाल वाटू देत, फक्त टप्पा ५ आणि ६च्या तुमच्याच टिपणांतून कारण द्या. ‘पिवळा रंग बायबलच्या पानापेक्षा नजर जास्त ओढतो, म्हणून...’ अशी सुरुवात झाली तर ते मत. ‘त्याचं वडिलांशी पटत नव्हतं, म्हणून...’ अशी झाली तर ती ऐकीव माहिती, चित्र न पाहताही सांगता येणारी.

विझलेल्या मेणबत्तीच्या बाबतीत एक साधा प्रश्न विचारा: ती पेटलेली असती तर या चित्रातल्या रंगांचं काय झालं असतं? उत्तर शोधायला परत टप्पा ६वर जावं लागेल. जा.

टप्पा ९: भावंडांशी ताडून पाहा

एकच काळोखं चित्र पाहिलं की ते अपवाद वाटतं. म्हणून त्याच्या आसपासची आणखी तीन पाहा, प्रत्येकाला दहा मिनिटं.

नोव्हेंबर १८८४च्या सुमाराची मडकी-बाटल्यांची स्थिरचित्रं: त्या वेळी तो आइंडहोवनमधल्या काही हौशी चित्रकारांना शिकवत होता आणि त्यांच्याकडूनही अशाच वस्तू काढून घेत होता. सप्टेंबर १८८५ची बटाट्यांची टोपली: बटाटे असे घट्ट, वजनदार व्हावेत की कुणी फेकून मारला तर लागेल, असं त्याला हवं होतं. मंडईतून किलोभर बटाटे आणा, एक तळहातावर तोलत ते चित्र पाहा. तिसरी, त्याच शरद ऋतूतली पक्ष्यांची घरटी. तिथे मागचा काळा का, हे त्याने स्वतः सांगितलंय: घरटी रानात नाहीत, चित्रासाठी मांडली आहेत हे पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळावं म्हणून. तिथला काळा शोकाचा नाही, मांडणीचा आहे.

सावधान: या टप्प्यावर ‘सूर्यफुलं’ उघडू नका. ती ऑगस्ट १८८८ची. शेजारी ठेवली की न्यूनेनची चित्रं नुसती ‘आधीची’ होऊन जातात.

टप्पा १०: घरी मांडून पाहा

शेवटचा टप्पा हाताने करायचा. चित्रकला येत नसली तरी चालेल, मांडायचं आहे.

काळी घोंगडी किंवा गडद शाल भिंतीला लावा. पुढे मातकट रंगाचं कापड. त्यावर जुनी पोथी किंवा पिवळी पडलेली ज्ञानेश्वरी उघडी ठेवा, शेजारी न पेटवलेली समई, पुढ्यात लिंबू-पिवळ्या मुखपृष्ठाचं एखादं छोटं पुस्तक. ते नसेल तर सरळ एक लिंबू. सगळे दिवे बंद करून एकच टेबललॅम्प बाजूने लावा. समोरून लावला तर सावल्या मागे लपतात आणि मांडणी सपाट होते. समईच्या पितळेवर उजेड कुठे टिपका होतो आणि कुठे पट्टा, हे ओळखायचा सराव करायचा असेल तर एखाद्या सकाळी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे पाहून या.

मग पिवळं पुस्तक उचला आणि बाजूला ठेवा. पुन्हा जागेवर ठेवा. असं तीनदा करा आणि दर वेळी पोथीच्या पानाकडे पाहा, पुस्तकाकडे नको. पिवळा जवळ आला की पानाचा रंग कुठे सरकतो ते पाहायचंय.

रंगवण्याची हौस असेल तर ट्यूबमधला काळा बंद ठेवा. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) समान घेऊन मिसळा. निळा वाढवला की थंड काळा, सिएना वाढवली की उबदार. पांढऱ्या कागदावर पाच ठिपके काढा, वाळू द्या, आणि तोच भोकांचा पुठ्ठा त्यांच्यावर ठेवून पाहा. आमच्या बैठकीत काकूंनी असे अकरा ठिपके काढले. त्यातल्या पाचांखाली पेन्सिलीने नावं लिहिली: तवा, छत्री, उडीद, चंद्रकळा, पावसाळ्यातला वाडा. त्यांचा कागद अजून मैत्रिणीच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे आणि सहा ठिपक्यांना नावं सापडायची आहेत.